कापरी आली का?

कोरफडीची कुंडी मी मुद्दाम पाडली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या सोसायटीत त्याबद्दल अजून दोन मतं आहेत. पुण्याहून बदली होऊन दिल्लीच्या द्वारका भागात आलो त्याला नऊ दिवस झाले होते. ऑगस्टच्या उकाड्यात कूलर खिडकीशी सरकवावा म्हणून मी बाल्कनीत वाकलो, आणि माझ्या देहाचा मागचा भाग, ज्याचा विस्तार मला नेहमी इतरांकडूनच कळतो, कठड्यावरच्या कुंडीला लागला. कुंडी गेली. खालून 'खाड्' असा लाकडी आवाज आला आणि मी 'अगं आई गं!' म्हणून ओरडलो.

वाकून पाहिलं. तळमजल्याच्या मागच्या अंगणात तुतीचं झाड आहे. त्याच्या फांदीला तीन सुतळ्यांनी एक पोळपाट टांगलेला होता. हो, पोळपाटच, पोळ्या लाटायचा. तो आता दोन ठिकाणी होता. भोवती बाजरी, तांदळाच्या कण्या, माती आणि माझी कोरफड. भिंतीवर सहा-सात मातकट पक्षी एका सुरात माझा उद्धार करत होते.

मग घरातून एक सत्तरीचे किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. अंगात बनियन, पण खाली इस्त्रीची पँट आणि तिला पट्टा. त्यांनी पोळपाट पाहिला, कोरफड पाहिली, शेवटी वर मला पाहिलं.

"महाराष्ट्राचे का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"'आई गं' म्हणालात. इथले लोक कुंडी पाडली की आधी खालच्यावर ओरडतात." मग म्हणाले, "खाली या. जबाब घ्यायचाय."

हे श्यामकांत देवस्थळी. तेहतीस वर्षं एका केंद्रीय मंत्रालयाच्या संसद शाखेत होते. खासदारांनी सभागृहात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं जिथे तयार होतात ती ही शाखा. हिंदीत प्रश्न येवो, इंग्रजीत येवो, फाइल पाहिल्याशिवाय काकांनी कधी उत्तर लिहिलं नाही, आणि फाइल सापडली नाही तर तयार वाक्य होतंच: 'माहिती गोळा करण्यात येत आहे व ती सभापटलावर ठेवण्यात येईल.' या वाक्यावर त्यांनी आठ-दहा पंतप्रधान काढले आणि एक संसारही. संध्याकाळी काय करू, असं बायकोनं विचारलं की हे म्हणत, "माहिती गोळा करण्यात येत आहे." ती म्हणे, "मग सभापटलावर खिचडीच येईल."

पोळपाट तिचा होता. कुमुदिनीकाकूंचा. लग्नात तासगावहून आलेला, पुढे एक पाय तुटलेला. पाय तुटल्यावर काकूंनी त्याला तीन भोकं पाडून घेतली आणि झाडाला टांगला. दिल्लीत सगळे बाजारातून छतवालं प्लास्टिकचं घरकुल आणतात. त्या म्हणाल्या, पाखरांना पोळपाटावरच जेवू दे, त्यांना तरी पानात गरम पडेल.

हे सगळं मला पहिल्या दिवशी कळलं नाही. पहिल्या दिवशी मी पोळपाटाचे दोन तुकडे वर घेऊन गेलो, पत्र्याच्या दोन पट्ट्या आणि आठ स्क्रू मारून ते जोडले, आणि दुसऱ्या दिवशी परत टांगले. पोळपाट जरा कलता झाला. काका म्हणाले, "चालेल. अंतरिम व्यवस्था."

त्यानंतर रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी माझा चहा खाली होऊ लागला. विमानतळ जवळ आहे. दर तीन-चार मिनिटांनी डोक्यावरून एक विमान जातं, आणि इथल्या लोकांना सवय अशी की वाक्य तोंडात तसंच धरून ठेवतात, विमान गेलं की सोडतात. पक्षी मात्र थांबत नाहीत. पाच दिवसांत मला साळुंकी कळली, होला कळला, बुलबुल कळला. भिंतीवरून माझा उद्धार करणारे ते सातभाई. सात मोजून आठ निघाले तेव्हा मी तक्रार केली. काका म्हणाले, "एक मेव्हणा असेल."

मला वाटलं, काय छान छंद आहे. निवृत्त माणूस, अंगण, पक्षी. मी तसं म्हणालोही. आमचं तोंडच असं.

"छंद?" काका म्हणाले. "मला कावळा आणि कबुतर सोडून काही ओळखू येत नव्हतं हो. कावळा, कबुतर, आणि इतर. चार वर्षांपूर्वीपर्यंत तीनच रकाने."

ते आत गेले आणि एक हिरवी फाइल घेऊन आले. दोरी बांधलेली, सरकारी. वर मोत्यासारख्या अक्षरात: 'कापरी'. पहिल्या पानावर तारीख, २९ एप्रिल २०२१. खाली दोन ओळी.

प्रश्न : कापरी आली का?

उत्तर : होय. (प्रत्यक्ष पाहिले.)

मी हसलो. हसून झाल्यावर तारखेकडे पुन्हा पाहिलं.

त्या एप्रिलमध्ये दोघांनाही ताप होता. काकूंना आधी हिंव भरलं, दोन दुलयांखाली दात वाजत होते. मग धाप लागली. मुलीनं, रुचितानं, सतरा फोन करून कुठल्याशा दवाखान्यात एक खाट मिळवली आणि त्यांना नेलं. काका इथेच, मागच्या खोलीत एकटे पडून. सहाव्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, अहो, कापरी आली का?" काका चहाकडे बघत बोलत होते. "आता ही कापरी म्हणजे कोण, मला ठाऊक नाही. पस्तीस वर्षं ती खिडकीतून सांगायची, अहो साळुंकी आली, अहो कापरी आली, आणि मी पेपरमागून 'हं' म्हणायचो. साळुंकी कोण तेही ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी माहिती गोळा करायला वेळ नव्हता. मी सरळ म्हणालो, हो, आली."

"मग?"

"मग ती हसली. धाप लागलेली, तरी हसली. म्हणाली, 'अच्छा? फाइल न बघता?' आणि फोन कट झाला. पहाटे दवाखान्यातून फोन आला."

विमान आलं. आम्ही दोघांनी ते जाऊ दिलं, आणि काकांनी फायलीची दोरी पुन्हा बांधली.

तर हा छंद नव्हता. तेहतीस वर्षांत कुठलंही उत्तर फायलीवाचून न दिलेल्या माणसानं एक उत्तर दिलं होतं, आणि ते खरं होतं की खोटं, हे त्याला ठाऊक नव्हतं. सभागृहात चुकीचं उत्तर गेलं, तर मंत्र्याला उभं राहून दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं. इथे निवेदन ऐकणारं माणूसच उठून गेलं होतं. म्हणून काका गेली चार वर्षं पोळपाटावर येणारा एकेक पक्षी ओळखत होते. लोक पक्षी ओळखतात तो यादीत घालायला. हे ओळखत होते तो यादीतून काढायला. जो राहील तो कापरी. आणि तो एप्रिलअखेर दिल्लीत असला, म्हणजे उत्तर खरं.

"पण तुम्ही पाहिलात ना त्या दिवशी?" मी विचारलं. "केवढा होता?"

"पांढरं काहीतरी होतं पोळपाटावर," काका म्हणाले. "चहा आणखी घेता?" आणि आत गेले. साखर घातलेला चहा त्यांनी पुन्हा साखर घालून आणला.

पांढरं, कारण कापरी म्हणजे कापरासारखी. कापूर पांढरा. यात शंका घ्यायला काकांना जागाच दिसली नव्हती, आणि मलाही दिसली नाही. दोन मराठी माणसं एका शब्दाभोवती बसली की त्याची व्युत्पत्ती पाच मिनिटांत लागते आणि ती हमखास पक्की असते. फायलीत सतरा पक्ष्यांच्या नोंदी होत्या. साळुंकी, तपकिरी, रद्द. होला, राखी, रद्द. चौदा नंबरवर एक बिननावाचं होतं: 'मातकट, चिमणीएवढी, एकटी. दाणा खात नाही, कडेच्या मुंग्या टिपते. शेपूट हलवते. ऑक्टोबर ते मार्च. विषयाशी संबंध नाही.' नऊ नंबरवर परीट, पांढरा खरा, पण हिवाळ्यात येतो आणि एप्रिलआधी जातो. त्यापुढे काकांनी बारीक प्रश्नचिन्ह काढून ते खोडलं होतं. शेवटी उरला होता दयाळ. काळा-पांढरा, शेपटी वर करून फिरणारा, बारा महिने इथलाच, आणि एप्रिलात तर ऐन गाण्यात.

"दयाळच," काका म्हणत. "दुसरं कोण?"

"काका, पण दयाळ तो. कापरी ती."

"दयाळाला बायको नसते?"

"असते. पण ती करडी असते, असं तुम्हीच लिहिलंय."

"पंखावर पांढरा पट्टा असतो तिच्या," काका तुटकपणे म्हणाले. "पूरक प्रश्न पुरे."

घाईचं कारण होतं. रुचितानं वडिलांना गुरुग्रामला न्यायचं ठरवलं होतं. सतराव्या मजल्यावर तिचा फ्लॅट. तळमजला विकला गेला होता, नोव्हेंबरअखेर रिकामा करायचा होता. ती रविवारी यायची, खोकी भरायची. दिल्लीत वाढलेली मुलगी. तिच्या मराठीत पक्ष्यांचे दोनच प्रकार होते, चिडिया आणि बडी चिडिया.

"बाबा, ये फाइल भी लेनी है क्या? सोड ना यार आता."

"ती मी हातात घेऊन येईन."

"वहाँ बाल्कनीत जाळी आहे. तिकडे एक पण चिडिया येत नाही."

"म्हणूनच," काका म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. मी मागे गेलो तर म्हणाली, "भैया, आईनं शेवटचा फोन मला नाही केला. बाबांना केला. आणि विचारलं काय, तर चिडिया!"

मी तिला विचारलं, आईच्या माहेरी कुणी आहे का, ज्यांना हा शब्द माहीत असेल? ती म्हणाली, हेमलतामावशी. पण मावशी बाबांशी चार वर्षं बोलत नाही. 'तुम्ही माझ्या बहिणीला दिल्लीत मारलंत, वेळेवर गावी आणली असतीत तर वाचली असती', असं ती म्हणाली होती, आणि बाबांनी त्यावर उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे ज्या एका माणसाला कापरी कोण हे नक्की माहीत होतं, त्याला विचारायची सोय नव्हती. उरलेल्या पक्ष्यांना विचारून झालं होतं.

मी नंबर घेतला. का घेतला? मदत करायची होती. कुंडीसुद्धा मी कूलरला मदत करतानाच पाडली होती.

फोन लावला तो नोव्हेंबरातला आठवडा दिल्लीच्या धुराचा होता. सकाळी अंगणातली भिंत दिसायची, भिंतीपलीकडची इमारत दिसायची नाही. फोनवर हेमलताबाईंचा आवाज करकरीत, शाळामास्तरणीचा.

"कोण आपण? देवस्थळींनी सांगितलंय का फोन करायला?"

"नाही नाही. मी वरचा भाडेकरू. मला फक्त एक शब्द विचारायचाय. कापरी."

मग त्यांचा आवाज एकदम दहा वर्षांच्या मुलीचा झाला.

"अगं बाई! कापरी! आमची आई म्हणायची. अहो ती नाही का, एवढीशी, मातीच्या रंगाची. हिवाळ्यात येते. भिंतीवर बसली की शेपटी अशी थरथरा थरथरा. कापरं भरल्यावाणी. म्हणून कापरी. आई म्हणायची, थंडी घेऊन येते आणि थंडी घेऊन जाते."

कापरं. कापूर नव्हे, कापरं. हिंव भरतं ते. मी बाल्कनीतल्या खुर्चीवर बसलो. चौदा नंबर. विषयाशी संबंध नाही.

"पुस्तकात तिला थिरथिरा म्हणतात म्हणे," हेमलताबाई सांगत होत्या. "शिमगा झाला की चालली. कुमुद दरवर्षी मला फोन करायची. दसऱ्याला करायची, ताई, कापरी आली. आणि होळीनंतर, ताई, कापरी गेली गं. त्या वर्षीपण केला होता. पाडव्याच्या दिवशी. गेली म्हणाली." त्यांचा आवाज पुन्हा मास्तरणीचा झाला. "तो शेवटचाच. पण तुम्हाला कशाला हवंय हे?"

मी काहीतरी बोललो. भाषा, संशोधन, असलं. त्यांनी फोन ठेवला.

पाडव्याला कापरी गेल्याचं काकूंना ठाऊक होतं. आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी, तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून, त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, कापरी आली का? तापात विसरल्या असतील. नसतीलही. 'फाइल न बघता?' म्हणून त्या हसल्या होत्या, ते हसणं कसलं होतं, हे मला त्या रात्रीही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. एवढं मात्र ठरवलं, की हे काकांपर्यंत जाऊ द्यायचं नाही. मी विनोदी माणूस. आमच्यासारख्यांत थोडं खोटं चालतं.

शनिवारी सकाळी खाली गेलो. रविवारी ट्रक येणार होता. घरात खोकी, भिंतींवर कॅलेंडरांच्या मागचे स्वच्छ चौकोन. काका अंगणात खुर्चीवर, पोळपाटाकडे तोंड करून, स्वेटर, मफलर, त्यावर धुरासाठी मास्क. मांडीवर फाइल. शेवटच्या पानावर त्यांनी सुरेख अक्षरात लिहून आणलं होतं: 'कापरी म्हणजे दयाळ. निवासी पक्षी. एप्रिलमध्ये उपलब्ध.' खाली सहीची जागा मोकळी.

"रुचिता म्हणत होती, तुम्ही तिच्याकडून नंबर घेतलात," काका म्हणाले. "हेमलताताईंचा. काय म्हणाल्या?"

त्यांनी मास्क खाली केला होता. मी पाहिलं, त्यांनी दाढी केली होती, आणि हनुवटीवर एका जागी कापलं होतं. इतक्या महिन्यांत मी त्यांना प्रश्न विचारताना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. उत्तरं तयार करणारा माणूस तो. ती घेताना त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

त्यांच्या मागे, भिंतीवर, काहीतरी उतरलं. चिमणीएवढं, मातकट. एकटं. ते एकदा वाकलं आणि त्याची तांबूस शेपटी थरथरायला लागली. थांबली, पुन्हा थरथरली. थंडी वाजल्यासारखी.

"दयाळच म्हणाल्या, काका," मी म्हणालो.

नेमकं विमान आलं. इतकं खाली, की खिडक्यांच्या काचा वाजल्या. काकांनी कानाला हात लावून मला खूण केली, थांबा. मी ते खोटं तोंडात धरून उभा राहिलो. एक खोटं माणूस पटकन बोलून टाकू शकतो. तेच खोटं तोंडात धरून विमान जायची वाट बघणं, आणि मग ते दुसऱ्यांदा बोलणं, याला मात्र छाती लागते, आणि माझ्या छातीचा विस्तार मागच्या भागासारखा नाही.

विमान गेलं. धुरात त्याचा दिवासुद्धा दिसला नाही.

"हं," काका म्हणाले. "काय म्हणालात?"

"दयाळ. आमच्याकडे कापरी म्हणजे दयाळच, म्हणाल्या. बारा महिने असतो. एप्रिलात असतोच असतो." भिंतीवरची शेपटी थरथरतच होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि बोलत सुटलो. "म्हणजे तुमचं उत्तर बरोबर होतं, काका. शंभर टक्के. आणि तुम्ही तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. फायलीतच आहे. प्रत्यक्ष पाहिले. करा सही."

काकांनी पेनचं टोपण काढलं. सहीच्या जागेवर पेन टेकवलं आणि तसंच ठेवलं. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी मागची पानं उलटत उलटत फाइल पहिल्या पानावर आणली, आणि कंसातल्या दोन शब्दांवरून एक सरळ रेघ मारली.

"असं काय करताय?" मी म्हणालो. "पाहिला होतात ना तुम्ही?"

"त्या दिवशी मी पडदासुद्धा उघडला नव्हता."